गुळगुळीत मनगट

"पुतळ्याचा हात गेलाय. ताबडतोब या." पहिली घंटा होण्यापूर्वीच मुख्याध्यापिकांचा ठाण्यात फोन आला.

निरीक्षक बाई याच शाळेच्या माजी विद्यार्थिनी. प्रांगणात ब्राँझचे नवे शिल्प उभे होते: दिवंगत मुख्याध्यापक आणि त्यांच्यापुढे एक लहान मुलगा. मुलाच्या डोक्यावर बोटभर उंच धरलेला त्यांचा उजवा हात मनगटापासून नाहीसा झाला होता. अनावरण त्याच संध्याकाळी होते.

निरीक्षक चौथऱ्यावर चढल्या. कापलेल्या कडेवरून त्यांनी बोट फिरवले. पुन्हा फिरवले. बोटाला काहीच टोचले नाही. चौथराही स्वच्छ होता.

"रात्री कुठे होतास?" त्यांनी पहारेकऱ्याला विचारले.

"फाटकाशीच, मॅडम."

"जागा?"

त्याने मान खाली घातली. "डोळा लागला होता."

"पगार घेऊन घोरतो नुसता!" मुख्याध्यापिका कडाडल्या. "यानंच भंगारात विकला असणार. आजच घरी पाठवते."

"दोन मुली आहेत हो मला, बाई."

"भंगारासाठी आलेल्यानं ती पितळी घंटा का सोडली?" निरीक्षक म्हणाल्या. "ती तर नुसती हुकाला अडकवलीय."

मग त्या कार्यशाळेत गेल्या. धातुकामाचे वृद्ध सर अवजारे पुसत होते.

"ये पोरी. गणवेश शोभतो हं तुला."

"सर, हॅकसॉच्या करवतीला नवं पातं?"

"जुनं झिजलं काल."

"काल तर सुट्टी होती."

सरांचा हात थांबला.

"चोर कापतो आणि पळतो, सर. यानं कापल्यावर कड कानशीनं घासली आणि खाली पडलेला कीसही झाडून नेला. पकडलं जायची भीती असताना! कशासाठी? सकाळी पोरं तिथं चढतील, त्यांचे हात कापतील म्हणून. कड घासल्याशिवाय काम संपत नाही, हे आम्हाला कोण शिकवायचं?"

सरांनी खण उघडून तो हात टेबलावर ठेवला.

"या हातानंच माझ्या पोराचा कान फोडला. सहावीत होता. तक्रार केली, तर म्हणाले, शिस्त आहे. आणि आता हाच हात पोराच्या डोक्यावर? मायेनं?"

दारात उभ्या असलेल्या मुख्याध्यापिकांनी सगळे ऐकले होते. मुलाविषयी त्यांनी एक शब्दही विचारला नाही.

"गाजावाजा नको. तक्रार मी मागे घेते. संध्याकाळच्या आत हात जोडून द्या, सर. नाहीतर पहारेकरी गेलाच म्हणून समजा."

"बाई, निदान त्यांचं..." निरीक्षक म्हणू लागल्या.

"तुझं काम झालं."

खिडकीबाहेर पहारेकरी टोपी हातात धरून उभा होता. सरांनी त्याच्याकडे पाहिले आणि गॅसची ज्योत पेटवली.

जोड उत्तम बसला. मग सवयीने त्यांनी त्यावरून कानस फिरवली, सांधा दिसेनासा होईपर्यंत, आणि वर काळपट रंग दिला.

संध्याकाळी पडदा दूर झाला. टाळ्या वाजल्या. तो हात आदल्या रात्री कुणीतरी कापला होता, हे एकाच्याही लक्षात आले नाही.