एकविसाव्या दिवशी ये

अंडी उबवायचं यंत्र पोस्टानं आलं, तेव्हा सावेतानं ते स्वयंपाकघरात चुलीजवळच्या बाकावर ठेवलं. पांढरा थर्माकोलचा डबा, आत तारेची जाळी आणि उष्णतामापक, वर हाताच्या पंजाएवढी काच. अठ्ठावन्न वर्षांची बाई खेळणं बघावं तशी त्याच्याकडे बघत बसली.

शेजारचे तोआदेरकाका अकरा अंडी घेऊन आले. सावेताच्या आईच्या, मानेवर पिसं नसलेल्या उघड्या मानेच्या कोंबड्यांपैकी शेवटची त्यांच्याकडे उरली होती, आणि गेल्या आठवड्यात तीही कोल्ह्यानं नेली. ही अंडी तिचीच. या अकरांतून काही निघालं नाही, तर आईच्या हातचं म्हणावं असं जिवंत काही जगात उरणार नव्हतं.

"ह्या डब्याला पंख कुठायत गं?" काकांनी खिडकीतून डोकावून विचारलं.

"वीज आहे ना, काका."

"वीज! आपल्या गावची वीज म्हणजे पाव्हणी. आली तर आली. बरं, बापाची हॅट काढ. अंडी हॅटमधूनच ठेवायची. आणि आकडा विषमच. तुझी आई तसंच करायची, विसरलीस होय तिकडं इटलीत?"

विसरली नव्हती. गावी परत येईपर्यंत सतरा वर्षं ती इटलीत परक्या म्हाताऱ्यांचं हागणं-मुतणं काढत होती. दर वसंतात आईचा फोन यायचा, "अंडी बसवलीत. एकविसाव्या दिवशी ये." आणि दर वसंतात सावेता म्हणायची, "पुढच्या वर्षी नक्की." चार वर्षांपूर्वी आई गेली. मातीलाही ती पोचली नाही. मालकीणबाईंनी सुटी दिली नाही हे खरं, पण तिनं भांडून मागितलीही नव्हती. ते तिला आतून कुरतडत होतं.

तिनं प्रत्येक अंड्यावर एका बाजूला पेन्सिलीनं फुली काढली, दुसऱ्या बाजूला गोल. सकाळी, दुपारी, संध्याकाळी अंडी उलटायची, म्हणजे जीव कवचाला चिकटत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं सगळे गोल वर केले. दुपारी झाकण उघडलं तर अकराही फुल्या वर होत्या.

आपणच मध्ये उलटली असतील, असं म्हणून तिनं सोडून दिलं. पण घड्याळाच्या ठोक्यावर लोकांना गोळ्या देत जिची सतरा वर्षं गेली, ती अशी चुकत नाही. दुसऱ्या दिवशी तिनं अंड्यांना हातच लावला नाही. सकाळी गोल. दुपारी फुल्या. संध्याकाळी पुन्हा गोल.

"काका, मी बागेत असताना तुम्ही घरात येता का?"

"हे गुडघे घेऊन? तुझ्या पायऱ्या चढायला मला दोन माणसं लागतील." ते हसले. "तुझी आई मात्र खुडूक कोंबडीच्या पोटाखाली हात घालून स्वतः अंडी फिरवायची. कोंबडीवर भरवसाच नव्हता बाईचा."

सोमवारी सावेता पेन्शनच्या कागदांसाठी शहरात गेली. संध्याकाळी परतली, तर सकाळच्या वाऱ्यात विजेचा खांब आडवा झालेला. स्वयंपाकघर गार. डब्यातला उष्णतामापक चौदा अंशांवर उतरलेला. 

तिनं एक अंडं उचललं आणि आई करायची तसं मिटल्या पापणीला लावलं.

ऊबदार होतं. अकराच्या अकरा.

खोलीत रॉकेलचा बारीक वास होता. आई शनिवारी न्हाताना केसांना रॉकेल चोळायची. सावेता बाकावर बसून पोटभर रडली. खरं तर भीती वाटायला हवी होती, पण तिला बरं वाटत होतं.

शनिवारी दुपारी फुल्या फुल्याच राहिल्या. संध्याकाळीही. तिच्या खुणांप्रमाणे सतरावा दिवस होता. अठराव्यापासून अंडी हलवायची नसतात. मग आजच का थांबलं? आई रुसली? तिनं स्वतः उलटायला हात घातला, तेवढ्यात खिडकीतून काका ओरडले, "हात काढ! आज अठरावा! अंडी मी मंगळवारी आणली, पाववाल्याची गाडी आली होती त्या दिवशी!"

अंडी बुधवारी ठेवली असं धरून तिनं कॅलेंडरवर पहिली खूण गुरुवारी केली होती. म्हणजे चूक तिची होती.

मंगळवारी पाववाल्याचा भोंगा वाजला, तेव्हा शेवटचं पिल्लू कवच झटकून बाहेर आलं. अकरापैकी अकरा, सगळी उघड्या मानेची. दुपारपर्यंत ती वाळून पिवळी झाली. सावेतानं त्यांना चुलीपुढच्या उन्हात जमिनीवर सोडलं आणि आईसारखी हाक घातली, "पुई, पुई, पुई!"

एकानंही वळून पाहिलं नाही.

पिल्लं लुटूलुटू निघाली ती थेट आईच्या तिपाई स्टुलाकडे. रिकाम्या स्टुलापुढे थांबली. माना तिरक्या करून वर बघत राहिली.

मग एकमेकांना बिलगून त्यांनी डोळे मिटले. सगळी दाटीवाटीनं बसली होती. फक्त मधे जमिनीचे दोन तुकडे मोकळे होते. शेजारी शेजारी, चपलेएवढे.

सावेता गुडघ्यांवर बसली.

"आले गं, आई," ती म्हणाली. "एकविसावाच आहे ना?"

स्टूल करकरलं.

पिल्लं झोपेतच थोडी सरकली, जागा द्यावी तशी. आता ते दोन मोकळे तुकडे सावेताच्या दिशेनं वळले होते.