सहापट लहान

हे लिहायचंच नाही, असं भिंग्याने जवळजवळ ठरवलं होतं. दोनदा मोबाईलवर टाइप केलं, दोनदा पुसलं. तो चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासतो. पाव नंबरचा फरक पडला तरी काच पुन्हा यंत्रावर चढवणारा माणूस. त्याने असलं काही सांगितलं तर लोक म्हणणार, आधी तुझेच डोळे तपासून घे. पण मंगळवारी पाना येऊन गेला, आणि त्यानंतर गप्प बसणं जमेना.

पाना म्हणजे त्याचा शाळेपासूनचा मित्र. मेकॅनिक. खिशात कायम दहा-अकराचा पाना, म्हणून नाव पाना. भिंग्याला भिंग्या हे नाव त्यानेच दिलेलं, फिट्टंफाट म्हणून. दोघांनी मिळून दोन वर्षं एकच गाडी उघडली, साफ केली, जोडली. भिंग्याच्या आईची मोटरसायकल.

आई जनावरांची डॉक्टर. पंचवीस वर्षं त्या गाडीच्या टाकीवर औषधांची पेटी बांधून तिने गोठेच्या गोठे पालथे घातले. गुडघे गेले तेव्हा किल्ली भिंग्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "विकू नकोस. आणि नुसती पुसत बसू नकोस. चालव."

मग भिंग्याला पाच महिन्यांसाठी दुकानाच्या दुसऱ्या शाखेत पाठवलं. गाडी अर्थातच पान्याकडे ठेवली. दुसऱ्या महिन्यात पान्याचा फोन. रडत होता. गॅरेजसमोर उभी होती म्हणे, ट्रक मागे घेताना पार चेपली, भंगारात द्यावी लागली. भिंग्या परत आल्यावर पान्याने पिशवीतून फुटका हेडलाइट काढून आईच्या पुढ्यात ठेवला. "मावशी, एवढाच वाचला." आईने तो मांडीवर घेतला. ओल्या फडक्याने तो पुसला, टॉवेलात गुंडाळला आणि कपाटात आपल्या कपड्यांखाली ठेवून दिला.

आणि भिंग्यासाठी पाना एक मोठा खोका घेऊन आला होता. प्लॅस्टिकचं मॉडेल. तीच गाडी, तेच साल, खऱ्यापेक्षा सहापट लहान.

"खरी नाही तर नाही," तो म्हणाला. "ही बनव. तुझा हात बारीक कामाचा."

भिंग्याला भरून आलं. मित्र असावा तर असा, असं त्याने आईला चारदा तरी ऐकवलं.

तीनशेच्या वर सुटे भाग. सगळे प्लॅस्टिकच्या चौकटींना चिकटलेले. एकेक भाग कापायचा, घासायचा, न चिकटवता जुळवून बघायचा, मग अस्तराचा रंग, मग खरा रंग. सुट्टीच्या दिवशी दुपारभर खिडकीशी टेबल लावून तो बसायचा. सवयीने सगळ्या भागांचं वजनही करून ठेवलं होतं. किचनमधल्या काट्यावर पाचशे नव्वद ग्रॅम.

इंजिन जोडलं. दोन पोकळ तुकडे, मध्ये काही नाही. उचललं तर मनगट खाली गेलं. काट्यावर ठेवलं. एक किलो दोनशे.

काटा गंडला असणार. साखरेची न फोडलेली पिशवी ठेवून बघितली. बरोबर एक किलो.

मग टाकी. आईच्या गाडीचा शेवाळी रंग बाजारात तयार मिळेना, तो त्याने हिरव्यात करडा मिसळून बनवला. पाच हात दिले, दोन हातांच्या मध्ये पाण्यात बुडवलेला पॉलिशपेपर फिरवला. आई भिंतीला धरत धरत बघायला आली. डावीकडून बोट फिरवलं.

"पेटीच्या कडीचा खळगाही केलास होय रे? कमाल आहे तुझी."

भिंग्याने तो केला नव्हता. डोळ्याला भिंग लावून बघितलं. गव्हाच्या दाण्याएवढा खळगा, रंगाच्या पाचही थरांखाली. तिच्या पेटीची कडी जिथे आपटायची, नेमका तिथेच.

"केला," तो म्हणाला.

पुढच्या आठवड्यात खोलीत पेट्रोलचा वास यायला लागला. रंगाचा नव्हे, थिनरचा नव्हे. हे दोन्ही वास त्याला झोपेतही ओळखता येतात. आई आपल्या खुर्चीतून हसली. "रिझर्व्हला लागलेली दिसते तुझी गाडी." टाकीचं झाकण चिकटवून पक्कं केलेलं. त्याने मॉडेल कानाशी नेऊन हलवलं. आत काहीतरी डुचमळलं.

रविवारी त्याने ते सायलेन्सरला धरून उचललं आणि लगेच सोडलं. अंगठ्याला टरारून फोड आला.

त्याने घाबरायला हवं होतं. उलट त्याला बरं वाटलं. आईची गाडी थोडी थोडी करून घरी येत होती. हे कुणाला सांगावं तर पान्याला, असंही मनात आलं. पण पाना तीन आठवडे फोन उचलत नव्हता.

मंगळवारी तो स्वतःच आला. भर दुपारी. उजव्या हातात चामड्याचा मोजा, डावा मोकळा.

"कोण आलंय रे?" आतून आई.

"पाना."

"त्याला म्हणावं, इतक्या दिवसांनी आठवण आली का मावशीची?"

एरवी पान्याने आतल्या खोलीपर्यंत ऐकू जाईल असं उत्तर दिलं असतं. तो दारातच थांबला. टेबलावरच्या गाडीकडे बघत होता.

"किती झाली?"

"सगळी. आरसे तेवढे राहिलेत."

"नको बसवूस."

"का?"

पाना स्टुलावर बसला. मोज्यातला हात मांडीवर उलटा ठेवला, दुसऱ्याचा असल्यासारखा.

"गाडी चेपली नव्हती, भिंग्या."

भिंग्याला आधी वाटलं, तो मॉडेलबद्दल बोलतोय.

"गॅरेजच्या मागे आहे. मी चालवायचो. रोज."

"आणि हेडलाइट?"

"दुसऱ्या गाडीचा."

भिंग्याला सगळ्यात जास्त ते लागलं. दिवसभर काचा हाताळणारा माणूस तो. दुसऱ्या गाडीची काच त्याच्या डोळ्यांसमोर, त्याच्या आईने मांडीवर घेऊन पुसली होती, आणि त्याने एकदा निरखूनही बघितली नव्हती. कारण आणणारा पाना होता.

"मागितली असतीस तर?"

"तू दिली नसतीस." पाना थांबला. "दिली असतीस. मग ती दिलेली झाली असती. मला माझी हवी होती."

"मग आता कशाला सांगतोयस?"

"पहिल्यांदा इंजिन गेलं," पाना म्हणाला. आवाज अगदी खाली आला होता. "सुरू होईना म्हणून खोलायला गेलो. बोल्टच नाहीत. बोल्टाचे आकार आहेत नुसते. टकटक केलं तर पोकळ. मग टाकी. एका बोटाने उचलली जाते, भिंग्या. रविवारी सायलेन्सर. प्लॅस्टिक आहे रे सगळं. आणि टाकीवर मधोमध एक रेघ आलीये, पुढून मागपर्यंत. पेपरने घासली तरी पुन्हा येते. कसली आहे ती?"

भिंग्याला माहीत होतं. "साच्याचे दोन भाग मिळतात तिथे राहते ती. जोडाची रेघ. आपण पहिल्यांदा तीच काढतो. नाहीतर गाडी खेळण्यातली दिसते."

पान्याने मान डोलावली. बराच वेळ डोलावत राहिला.

मग दातांनी धरून मोजा काढला.

हात पान्याचाच होता. पण त्यावर केस नव्हते. नखांखालचं ऑइल नव्हतं. करंगळीच्या कडेवरून मनगटावर, मनगटावरून कोपराकडे एक बारीक, उभार, सरळ रेघ गेली होती.

पाना खिडकीबाहेर बघत होता. "मला बघवत नाही," तो म्हणाला. "तूच हात लावून सांग."

भिंग्याने रेघेवरून नख ओढलं. नख अडकलं. पुन्हा ओढलं, जोर लावून. पांढरा ओरखडा उठला.

"लाव ना हात," पाना खिडकीकडे बघतच म्हणाला.

भिंग्याने हात मागे घेतला.

"सांगतो नंतर," तो म्हणाला.

"पुढचं काही बसवू नकोस. शब्द दे मला."

टेबलावर दोन आरसे टूथपिकच्या टोकांना वाळत होते. भिंग्याने एकाला बोट लावून बघितलं. वाळला होता. त्याने तो जागेवर बसवला. मग दुसरा.

मग खणातून आठशे नंबरचा पॉलिशपेपर काढला, वाटीतल्या पाण्यात बुडवला आणि पान्याचा हात आपल्या मांडीवर घेतला. नीट धरला, हलू नये म्हणून.

"शब्द देतो," तो म्हणाला. "रेघ राहू देणार नाही. कोपराच्या वर गेली तरी, मानेपर्यंत गेली तरी, मी घासून देईन. कुठे जोड दिसणार नाही. आणि तुला काही कळणारही नाही."