दुसऱ्या फेरीतला डावा ठोसा

पाच वर्षांपूर्वी मुष्टियुद्धातून पंच गेले आणि त्यांच्या मागोमाग भांडणंही गेली. आता शेवटची घंटा वाजली की पडद्यावर दोन आकडे उमटतात, मोठा आकडा जिंकतो आणि लोक चपला शोधायला लागतात. कुणावर अन्यायच झाला नाही, तर माणसानं घरी जाताना बोलायचं तरी काय?

या आकड्याला ताणांक म्हणतात. कल्पना साधी आहे. मेंदू कवटीत घट्ट बसवलेला नसतो, मडक्यातल्या दह्यासारखा असतो. मडकं झटक्यानं फिरवलं तर दही जागच्या जागी राहतं आणि कडेनं फाटतं. जबड्यावर ठोसा बसला की कवटी आधी फिरते, मेंदू मागाहून, आणि तेवढ्यात त्याचे तंतू ताणले जातात. डोकं किती वेगानं फिरलं हे चित्रणावरून मोजता येतं, त्यावरून ताणही काढता येतो. समोरच्याच्या मेंदूला जास्त ताण देईल तो विजयी. खेळ आधीही हाच होता, फक्त कुणी असं उघड म्हणत नव्हतं.

अकोल्याच्या एका जुन्या बॉक्सिंग क्लबात मात्र वर्षातली एक दुपार अजून भांडणासाठी राखलेली होती. एकतीस वर्षांपूर्वी क्लबचा पुंडलिक तेलगोटे राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम लढतीत हरियाणाच्या राजबीरकडून हरला होता. पाच पंचांपैकी तिघं राजबीरच्या बाजूनं, दोघं पुंडलिकच्या. तेव्हापासून दर नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी दहा-बाराजण जेवण उरकून जमत आणि ती लढत पुन्हा पाहत. आवाज बंद करून, कारण समालोचकाच्या बडबडीनं मत फिरतं. मग प्रत्येकानं आपले गुण चिठ्ठीवर लिहून ढोरे सरांच्या टोपीत टाकायचे. ढोरे सर पुंडलिकचे प्रशिक्षक, आता शहात्तर वर्षांचे. दुसऱ्या फेरीतला तो डावा ठोसा कसा बसला हे ते दर वर्षी उभं राहून हवेत मारून दाखवत. एसटीतून निवृत्त झालेले जलीलभाई तेवढे एकटे म्हणत, "ग्लोव्हवर बसला तो, जबड्यावर नाही, सर. आपला माणूस आहे म्हणून डोळे थोडेच बदलतात?" आणि भांडण संध्याकाळपर्यंत चाले.

पुंडलिक कोपऱ्यात बसून ऐके, मधूनच "लागला, लागला" म्हणे. वय पंचावन्न, पण चालणं पंच्याहत्तरचं. मागच्या वर्षी लढत चालू असताना त्यानं विचारलं होतं, "तो निळ्या बनियनवाला कोण हाय?" तो निळ्या बनियनवाला तोच होता. त्या दिवशी कुणी फारसं भांडलं नाही.

म्हणून या वर्षी त्यानंच नागपूरहून डॉक्टर अश्लेषा सरोदेंना बोलावलं. ताणांक काढणाऱ्या गटात त्या काम करत.

"मले समजते तवरक एकदाचं सांगून टाका," तो म्हणाला. "मी जितलो व्हतो का नाई."

"काका, यातून फक्त कोण जिंकलं एवढंच निघत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "कुणाच्या डोक्याला काय झालं तेही निघतं. तुमच्यासुद्धा."

"माह्यं मले माहीत हाय."

"नका काढू, डॉक्टर," जलीलभाई म्हणाले. "पुढच्या वर्षी आम्ही काय करावं मग?" ते हसत म्हणाले, पण कुणी हसलं नाही.

हिशोबाला पंधरा मिनिटं लागली. पुंडलिक जिंकला होता, आणि चांगल्या फरकानं. त्याच्या आकड्यातला निम्म्याहून जास्त भाग एकाच ठोशाचा होता. दुसरी फेरी, डावा हात.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ढोरे सर चष्मा पुसत बसले. जलीलभाई उठले आणि पुंडलिकचा हात हातात घेऊन म्हणाले, "चुकलो बुवा. एकतीस वर्षं चुकलो."

पुंडलिक पडद्याकडेच पाहत होता. "डॉक्टर, एवढ्या आकड्यानं त्याले काय झालं असंल?"

राजबीर दर दिवाळीला त्याला फोन करायचा. गेली सहा वर्षं राजबीरची मुलगी करत होती. परवाच्या दिवाळीत ती म्हणाली होती की बाबूजी आता तिलाही ओळखत नाहीत, घास तोंडात दिला तर तो गिळायचा हे त्यांना आठवत नाही.

"एका ठोशानं असं होतं असं मला म्हणता येणार नाही," डॉक्टर सावकाश बोलल्या. "पण एवढा ताणांक आज दिसला तर आम्ही लढत तिथंच थांबवतो. त्या खेळाडूला पुन्हा उतरू देत नाही. ते त्यानंतर किती वर्षं लढले?"

"नऊ," ढोरे सर म्हणाले.

पुंडलिक म्हणाला, "अन् मी इथं बसून दर वर्षी म्हणत व्हतो, लागला, लागला."

"नाही रे, पुंडलिक," ढोरे सर एकदम म्हणाले. "लागला नाही तो. ग्लोव्हवर बसला. मी रिंगच्या कोपऱ्यात उभा होतो, मला दिसलं."

"मलेही तसंच वाटे," मागून कुणीतरी म्हणालं. "जलीलभाई बराबर सांगत व्हते." दुसऱ्यानं मान हलवली, तिसऱ्यानंही. डॉक्टर म्हणाल्या की जुनं चित्रण आहे, हिशोबात चूक राहू शकते. चूक नव्हती, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच अख्खा क्लब जलीलभाईंच्या बाजूनं होता.

"सांगतच होतो मी," ते कसंबसं म्हणाले.

पुंडलिकनं सगळ्यांचं ऐकून घेतलं. राग नव्हता त्याच्या तोंडावर, फक्त थकवा होता.

"तुम्ही दोराबाहेर होते, सर," तो म्हणाला. "माह्या हाताले तवाच समजलं व्हतं, बरा बसला म्हणून. लय खुश झालो व्हतो मी."