रविवारी पाचला येणारा फोन

हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. त्या केबिनमध्ये मी स्वतः बसलो होतो.

तरी लिहायला घेतलं की हात थांबतो. माझ्या वयाच्या माणसाच्या कानांवर कोण विश्वास ठेवणार? मीही पुरता ठेवत नाही. पण आज लिहिल्याशिवाय बसवत नाही.

गेल्या मार्गशीर्षातला रविवार. लातूर-नांदेड रस्ता, अहमदपूरच्या पुढे. दिवस कलला होता.

लातूरच्या एका वाचनालयातून निवृत्त होऊन मी मुलाकडे नांदेडला राहायला निघालो होतो. मुलाचे शेजारी पाशामियाँ ट्रक चालवतात. "तुमची पुस्तकं टाकू की डाळीच्या पोत्यांवर, गुरुजी," म्हणाले. मीही त्यांच्याच शेजारी बसलो.

पाशामियाँ घाबरणारा माणूस नव्हे. भूकंपाच्या वेळी, ऐन विशीत, ढिगाऱ्यांच्या गावांत निवाऱ्याचे पत्रे पोचवत होते.

त्यांची मुलगी जिक्रा लातूरला क्लाससाठी वसतिगृहात राहते. तिथे मोबाईल मॅडमच्या कपाटात कुलपात असतात. रविवारी पाचला थोडा वेळ मिळतात. तो फोन चुकला, की पुढच्या रविवारपर्यंत लेकीचा आवाज नाही.

म्हणून पाचला पाशामियाँ कुठल्याही रस्त्यावर असोत, फोन उचलतातच.

फोन वाजला.

"पाशाभाई, गाडी बाजूला घेता का?" मी म्हणालो. इतक्या हळू, की ऐकू गेलं की नाही याची मलाच शंका आली.

"बाजूला घेऊस्तोवर हिचा टाईम संपून जातो, गुरुजी," ते हसले. "तुम्ही आपलं पुस्तक वाचा. हा रस्ता मला पाठ हाय."

स्पीकर लावून त्यांनी फोन मांडीवर ठेवला.

"बोल बेटा. खाना खाया?"

"हूं."

"पेपर कैसा गया?"

"हूं."

"हूं हूं क्या? म्हैस है क्या तू?"

मलाही हसू आलं.

मग एक गोष्ट जाणवली...

पलीकडे गलबला नव्हता. त्या वेळी सगळ्या पोरी एकदम घरी बोलत असतात. इथे मात्र एकही आवाज नव्हता.

फक्त वारा... मोकळ्या रानातला.

आणि टिक... टिक... टिक...

ट्रकच्या इंडिकेटरचा आवाज.

मी आमच्या इंडिकेटरकडे पाहिलं. तो बंद होता.

"जिक्रा?"



मग अगदी जवळून आवाज आला...

"बाबा, कट करू नका."

पाशामियाँच्या घरात दखनी बोलतात. जिक्रा त्यांना अब्बा म्हणते. बाबा नाही. कधीच नाही.

"कोण हाय?" त्यांनी फोन हातात घेतला.

"बोलत राहा, बाबा. तुम्ही त्या दिवशीसारखे मधेच थांबलात की मला तो आवाज ऐकू येतो..."

"कसला आवाज, बेटा?"

ती रडायला लागली.

पाशामियाँ फोनकडे बघत होते. मीही फोनकडेच बघत होतो.

मान वर केली... समोर उसाची ट्रॉली उभी होती.

"पाशाभाई!"

आयुष्यात मी इतका कधी ओरडलो नसेन.

ट्रॉलीबाहेर आलेले ऊस माझ्या बाजूचा आरसा उपटून घेऊन गेले. ट्रक कडेच्या तुरीत उतरला, कलंडता कलंडता थांबला.

ट्रॅक्टरवाला धावत आला. "मरायचंय का ओ? रस्ता बघून राहिले का फोन?"

पाशामियाँनी पायाशी पडलेला फोन उचलला. कॉल चालू नव्हता. आलेल्या कॉलमध्येही त्या वेळचं काही नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला.

"अब्बा! कब से लगा रही मैं! किससे बातां कर रे थे?"

ही जिक्रा होती. मागे पोरींचा नुसता गोंगाट.

त्यानंतर पाशामियाँ रविवारी पाचच्या आत गाडी उभी करू लागले. मला बरं वाटलं. भीतीने का होईना, माणूस सुधारला.

पावसाळ्यात एकदा ते आमच्या ओट्यावर येऊन बसले.

"ती पुन्हा आली, गुरुजी."

"कोण?"

"तीच. बाबा म्हणणारी. एका रविवारी गाडी उभी करायला उशीर झाला, तवा."

"उचलू नका, पाशाभाई."

"उचललं न्हाई की रडून राहते हो. कुणाची तरी लेक हाय ना."

"न उचलता कसं ऐकू येतं?" मी विचारलं.

त्यांनी खिशातला फोन काढून ओट्यावर पालथा ठेवला.

"बरं, मग गाडी थांबवून बोला," मी म्हणालो.

"तेच तर. उभ्या गाडीत तिचा फोन येतच न्हाई. चाक फिरत असलं तरच येतो..."

मी पुस्तकं वाचलेला माणूस. असलं काही एकाही पुस्तकात वाचलं नव्हतं. बेगमबीला, त्यांच्या बायकोला, सांगायचं नाही एवढी शपथ त्यांनी माझ्याकडून घेतली.

आज रविवार. जिक्राच्या क्लासला सुट्टी लागली आहे, ती घरी आली आहे. पाशामियाँ दुपारी लातूरहून गाडी भरून निघाले. लेक घरात, म्हणजे आज पाचला फोन करायला कुणी नाही. मी निर्धास्त होतो; मग पाचला गाडी उभी करायचं कारणही उरलं नाही, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

पाच वाजून गेल्यावर जिक्रा आमच्या दारात आली. हातात तिचा फोन.

"दादाजी, अब्बा किससे बात कर रे? कब से बिजी लगरा."

मी माझ्या फोनवरून लावून पाहिला.

व्यस्त.

आता दिवेलागण झाली आहे. बेगमबी येऊन पायरीवर बसल्या आहेत, माझ्या तोंडाकडे बघताहेत. मी पुन्हा पुन्हा लावतो आहे...

अजून व्यस्त.

"व्यस्त आहे म्हणजे गाडी चालू आहे, बेटा," मी जिक्राला म्हणालो.

तिला धीर आला. आत जाऊन तिने चहा ठेवला.

मी मात्र देवाकडे काय मागावं, तेच ठरवू शकत नाही. फोन लागावा, की व्यस्तच राहावा...