सातवा माइक

गरम पाण्याचा थर्मास पोचवायचा, एवढंच काम होतं. नात सकाळी तो घरीच विसरून गेली होती. निवृत्त माणसाला अशी कामं मिळाली की बरं वाटतं, आणि बरं वाटतंय हे कुणाला दिसू नये असंही वाटतं. म्हणून मी जरा कुरकुर करतच निघालो.

शाळा माझीच. म्हणजे छत्तीस वर्षं तिथं मी कारकून होतो, शेवटची नऊ हेडक्लार्क. सगळे मला भाऊसाहेब म्हणत. कारकुनाला देण्यासारखं शाळेकडे तेवढंच होतं. आमच्या शाळेचा लौकिक अभ्यासासाठी नव्हता, म्युझिकलसाठी होता. परदेशातली व्यावसायिक मंडळी चाळीस वादक आणि फिरता रंगमंच घेऊन जे करतात, ते आम्ही नववी ते बारावीच्या पोरांकडून करवून घ्यायचो, तेही चाचणी परीक्षेच्या आठवड्यात. बावीस बिनतारी माइक. तारांवर वर जाणारा चौथरा. आणि शेवटी नायिका त्या चौथऱ्यावर उभी, बारा फूट वर, वाद्यं बंद, आणि तिनं एक वरचा सूर अठरा मात्रा धरायचा. कसलेल्या गायिका त्या सुराला घाबरतात, असं संगीताचे सर पालकसभेत अभिमानानं सांगत. पालकही अभिमानानं ऐकत.

दुपारचे दोन वाजले होते. बाहेर डोळे दिपवणारं ऊन. सभागृहाला खिडक्या नाहीत. मागे दार लागलं आणि ऊन कधी नव्हतंच असं झालं. ताजा रंग, लाकडाचा भुसा आणि तापलेल्या दिव्यांवरच्या जळक्या धुळीचा वास. तो वास चार वर्षांनी नाकात गेला आणि मी शेवटच्या रांगेतच बसलो. पुढे जाववेना.

चार वर्षांपूर्वी नायिका होती चिमणी. अकरावीतली, अंगानं तोळामासा, म्हणून ते नाव. तिची आई घरी कपडे शिवायची. प्रयोगाआधी दोन दिवस ती माउली माझ्या टेबलापाशी आली आणि डॉक्टरांचं पत्र देऊन गेली : गळ्याला सूज आहे, महिनाभर गाणं बंद, शक्यतो बोलणंही बंद. आवक रजिस्टरात नोंद झाली की कागद मोठ्या बाईंपुढे जाणार, आणि बाईंपुढे गेला की प्रयोग बंद. संगीताचे सर तिथंच उभे होते. त्यांनी पत्र वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, "भाऊसाहेब, सोमवारी आवक करा."

मी सोमवारी आवक केलं.

शनिवारच्या पहिल्या प्रयोगाला सूर लागला. दुसऱ्यालाही लागला. रविवारी तिसऱ्या प्रयोगात सोळाव्या मात्रेवर काहीतरी फाटल्यासारखा आवाज झाला आणि चौथरा खाली आला तेव्हा चिमणीच्या पांढऱ्या पोशाखावर लाल ठिपके होते. प्रेक्षकांना वाटलं, नाटकातलंच आहे. फार टाळ्या पडल्या. चिमणी वाचली. बोलली मात्र पुन्हा नाही.

तर मी शेवटच्या रांगेत थर्मास घेऊन बसलो होतो. यंदा चौथऱ्यावर माझी नात होती. दिवा बारीक होत तिच्या चेहऱ्यावर आला. वाद्यं थांबली. तिनं तोंड उघडलं आणि सूर आला.

सूर लागण्याआधी श्वासात एक बारीक झटका होता, उचकीसारखा. मग तो स्वच्छ, सरळ, वर वर चढणारा आवाज. माझ्या मांडीवरचं थर्मासचं झाकण थरथरत होतं. अठरा मात्रा. कुठे चीर नाही.

माझ्या नातीच्या श्वासात झटका नाही. ती लहानपणापासून माझ्या कुशीत झोपलेली आहे.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. नात खाली उतरून धावत माझ्याकडे आली, थर्मास घेतला आणि कुजबुजली, "आजोबा, मी गायलेच नाही."

"म्हणजे?"

"तालमीत आम्ही मार्किंग करतो ना... गळा राखायचा म्हणून नुसते ओठ हलवायचे. सरांनी बहुतेक रेकॉर्डिंग लावलं. कुणाचं आहे हो? काय गाते ती!"

मी मागे साऊंडवाल्याकडे गेलो. आमचाच जुना विद्यार्थी. त्याच्यासमोर दर माइकाला एक, अशी बावीस दिव्यांची पाटी. त्यातला सातवा दिवा अजून हिरवा होता.

"रेकॉर्डिंग लावलंस?"

"नाही." तो माझ्याकडे बघेना. त्यानं पायाजवळचं खोकं उघडून दाखवलं. सात नंबरचा माइक आत पडला होता. मागचं झाकण उघडं, आत बॅटरी नाही. "हा चिमणीचा होता. तेव्हापासून कुणाला लावत नाही आम्ही... पण सर म्हणतात, सातवा चालू ठेव."

सर मेकअपच्या खोलीत एकटेच चहा पीत होते.

"सर, तो आवाज..."

"ऐकलात ना? मग बसा."

"तुम्हाला माहीत आहे?"

"तीन वर्षं झाली." त्यांनी शांतपणे कप खाली ठेवला. "भाऊसाहेब, हा सूर सोळा वर्षांच्या पोरीनं लावला की काय होतं, ते तुम्ही पाहिलंय. त्यानंतर एकाही मुलीच्या गळ्याला इजा नाही. शाळेचं नाव आहे. कुणाचं काय बिघडतंय?"

"मी सातवा बंद करायला लावला तर?"

"लावा की. मग वरचा सूर तुमची नात लावील. स्वतःच्या गळ्यानं."

मी दाराकडे वळलो. मेल्या माणसाचं भूत होतं हे ऐकून होतो. इथं बाई जिवंत आणि आवाजाचं भूत. पण आवाज तर कुणाचाच नव्हता आता. चिमणीला त्याचा उपयोग नाही, आणि माझ्या नातीचा गळा वाचतोय. असा सगळा हिशेब मी दाराबाहेर पडेपर्यंत जमवला. छत्तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला गप्प बसायला वेगळे कष्ट पडत नाहीत.

शनिवारी चार वाजता प्रयोग. माझ्या मुलीनं पहिल्या रांगेत माझी जागा धरली होती. मी म्हटलं, तू हो पुढे, मी येतोच. आणि चिमणीच्या घरी गेलो. चार वर्षांत एकदाही गेलो नव्हतो. माफी मागावी असा बेत होता. पुढे कधी मागता येणार नाही असं का वाटलं, सांगता येत नाही.

दोन खोल्या. शिवणाचं मशिन, चिंध्या, इस्त्रीचा वास. चिमणी खिडकीशी काज करत बसली होती. वीस वर्षांची, पण चाळिशीची दिसत होती. माझ्याकडे बघून तिनं मान हलवली.

आई म्हणाली, "या. आज तुम्ही इथं कसे? आज प्रयोग आहे ना?"

"तुम्हाला निमंत्रण आलं?"

"निमंत्रणावाचून कळतं आम्हाला." ती कडवट हसली. "परवा दुपारी तालीम झाली ना? अडीचच्या सुमाराला?"

मी घड्याळाकडे पाहिलं. साडेपाच व्हायला आले होते.

चिमणीनं सुई टोचून ठेवली. उठली, भिंतीशी ठेवलेल्या स्टुलावर ताठ बसली, हात गुडघ्यांवर. आईनं खिडकी लावून घेतली आणि तिच्या गळ्याखाली टॉवेल धरला, रोजचं काम असावं तसा.

चिमणीच्या श्वासाला उचकीसारखा झटका बसला. मग तोंड उघडलं. मानेच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. आवाज काही नाही. खोलीत इतकं शांत, की डब्यातली बॉबिनं एकमेकांवर थरथरताना ऐकू येत होती. मी बोटांवर मोजत होतो. अठरा.

ती वाकली. टॉवेलवर लाल रेघ उमटली.

"दर वर्षी असंच," आई म्हणाली. "यंदा किती प्रयोग आहेत?"

"आठ..." मला राहवलं नाही. "बाई, ते डॉक्टरांचं पत्र मी सोमवारी..."

"माहीत आहे. शिक्क्यावरची तारीख पाहिली होती मी." तिनं टॉवेलची बाजू बदलली. "यंदा कोण आहे नायिका?"

"माझी नात."

तिनं चिमणीचं तोंड पुसलं. मग म्हणाली, "छान."

तेवढ्यात चिमणी पुन्हा ताठ झाली. पुन्हा तो झटका, पुन्हा उघडलेलं तोंड.

"वन्स मोअर पडला वाटतं," आई म्हणाली.

मी बाहेरच्या जिन्यावर पळालो आणि साऊंडवाल्याला फोन लावला. "सातवा बंद कर! आत्ताच्या आत्ता!"

"भाऊसाहेब..." तो म्हणाला. "पहिल्या सुरानंतरच बंद केला मी. पाटीची वायर काढलीय. माझ्या हातात आहे ती."

त्याच्या मागे सभागृह टाळ्यांनी कोसळत होतं.

मला धावत जाता आलं असतं. शाळा दहा मिनिटांवर होती. पडदा पाडा म्हणून ओरडता आलं असतं. पण मग उद्या चौथऱ्यावर कुणाचा गळा, हा प्रश्न जिन्यावर माझ्या शेजारी येऊन बसला, आणि आम्ही दोघं बसूनच राहिलो.

साडेसातला नात घरी आली. तोंडावर रंग तसाच, हातात फुलं. "आजोबा, दोनदा वन्स मोअर! आईनं धरलेली जागा रिकामीच होती, मागे बसला होतात ना? माझं गाणं ऐकलंत?"

"ऐकलं."

"खरं सांगा, मागून लावतात तो सपोर्ट ट्रॅक वाटला? सर म्हणतात, निम्मा आवाज माझाच असतो."

"तुझाच वाटला."

ती खूश होऊन जेवायला बसली. सांगत होती, सगळे कसे निघाले, मेन स्विच कसा पाडला, कुलूप सरांनी स्वतः कसं लावलं. मध्येच माझा फोन वाजला. चिमणीची आई.

"भाऊसाहेब, प्रयोग संपला ना?"

"सव्वासहालाच. कुलूप लागलंय सभागृहाला."

"मग हिला कोण गायला लावतंय? अकरावी वेळ आहे ही..."

ती बोलायची थांबली. पलीकडे अगदी शांत झालं, अठरा मात्रांइतकं. आणि मग फोनमधून टाळ्या ऐकू आल्या, जवळून, भरगच्च, उभं राहून वाजवतात तशा.

त्या घरात दोघींखेरीज कुणी राहत नाही.