गायब ते परत आण

तुम्ही आमच्या विश्वेशला ओळखत असता, तर मला शपथा घ्यायची गरजच नव्हती. भुताचं नाव काढलं की फिदीफिदी हसणारा माणूस तो.

आता हसत नाही.

गेल्या वर्षीची गोष्ट. श्रावण तोंडावर आलेला. नाशिक रोडला, जेल रोडवरचा तळमजल्याचा फ्लॅट. आणि वेळ रात्रीची नाही बरं का... भर दुपारची.

फ्लॅट विश्वेशच्या जिवलग मित्राचा, गौरांगचा. गौरांग फाल्गुनात गेला. घराणं त्र्यंबकला पूजा सांगणारं. भाविक घरबसल्या पूजा बुक करायचे ती वेबसाइट गौरांगनेच बनवलेली. चालायची त्याच्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर. त्याच्या मागे संपदाचं, त्याच्या बायकोचं, घर त्या वेबसाइटवरच चालत होतं.

तीच बंद पडली. ऐन हंगामात!

विश्वेश धावत आला. गौरांगच्या खुर्चीत बसायचा धीर होईना, म्हणून स्टूल ओढलं. आणि या शहाण्याने साफसफाई करता करता साइट चालवणाऱ्या सर्व्हरच्या सेटिंगचं अख्खं फोल्डरच उडवलं.

"घाबरू नका वहिनी. पुन्हा इन्स्टॉल करतो की."

केलं.

फोल्डर रिकामंच...

सॉफ्टवेअर बसवणारा तो प्रोग्रॅम मोठा हट्टी. पुसलेली सेटिंगची फाइल आपणहून परत देत नाही. मालकानेच मुद्दाम काढली असेल, असं धरून चालतो. जे गायब आहे ते परत आण, असं त्याला वेगळं बजावावं लागतं. मग आणतो. पण कोरी फाइल, मुळात होती तशी. वापरणाऱ्याने केलेला एकही बदल तिच्यात नसतो.

विश्वेशने तसं बजावलं. एंटर दाबलं.

वरचा पंखा थांबला.

लाईट गेली नव्हती... तरी रस्त्यावरच्या रिक्षा, शेजारचा कुकर, सगळं एकदम गप्प.

मग पॅसेजमध्ये पावलं वाजली.

संपदा तर विश्वेशच्या शेजारीच उभी होती. घरात तिसरं कुणी नव्हतं.

पावलं आत आली... खुर्चीपाशी थांबली...

खुर्ची करकरली.

पंखा फिरू लागला. सर्व्हर सुरू झालेला. विश्वेशने बाकीच्या सेटिंग लिहून काढल्या आणि साइट उघडली. संपदाचं लक्षच नव्हतं. ती खुर्चीकडे बघत रडत होती. आनंदाने!

"आला हो तो, भावजी."

"वहिनी, मी हे सगळं पुसतो. दुसरं मशीन घेऊ."

"खबरदार हात लावाल तर!"

काही दिवसांनी तिचा फोन आला. आवाज अगदी खाली.

"भावजी, तो रोज फिरतो घरात. पण... त्या जुन्या अपघातानंतर गौरांग डावा पाय ओढत चालायचा ना?"

"हो."

"हा सरळ चालतो."

विश्वेशला ती कोरी फाइल आठवली.

"हाक मारली की थांबतो. पण भावजी... मी कोण, हेच याला ठाऊक नाही."

"मी आत्ता येतो. पुसून टाकतो."

"नको. मी शिकवीन त्याला."

विश्वेशने तो रस्ताच सोडला. साइट मात्र छान चालू आहे.

परवा माझं तिकडे काम होतं. तिच्या खिडकीखाली गाडी लावली. आतून संपदाचा आवाज येत होता. लहान मुलाला समजवावं तसा.

"तो नाही रे... डावा. डावा ओढ."

मग फरशीवर पाय घासल्याचा आवाज आला.

"हं... आता माझं नाव सांग बघू."

उत्तर ऐकायला मी थांबलो नाही.