सूर्य येतोय, पाठ!

आमच्या प्रयोगशाळेत सूर्य दिवसातून वीस-पंचवीस वेळा उगवायचा, आणि तोही तळघरात.

सोलर सेलवर भर दुपारच्या उन्हाइतका उजेड पडला की त्याला आम्ही ‘एक सूर्य’ म्हणतो. खरं ऊन लहरी, त्याच्या भरवशावर मोजमाप होत नाही. म्हणून एका बिनखिडकीच्या, काळ्या भिंतींच्या खोलीत आम्ही भलामोठा दिवा टांगला होता. दिव्यापुढे लोखंडी झडप. तिची दोरी ओढली की खाली टेबलावरच्या सेलवर ऊन पडायचं आणि समोरच्या भिंतीवर आकडा उमटायचा : आलेल्या उजेडातून किती टक्के वीज झाली.

त्या दिव्याकडे थेट बघितलं तर डोळे जायचे. काळे चष्मे मिळेपर्यंत सरांनी एक पद्धत पाडली होती, ती चष्मे आल्यावरही सुटली नाही. दोरीवाल्याने ओरडायचं, “सूर्य येतोय!” मग प्रत्येकाने दिव्याकडे पाठ फिरवून उत्तर द्यायचं, “पाठ!” सगळ्यांचं ‘पाठ’ आल्याशिवाय झडप उघडायची नाही. पहिल्या दिवशी मला हसू आवरलं नव्हतं, तर सरांनी दुपारपर्यंत बाहेर बसवलं होतं.

खोलीत आम्ही तिघंच. सर, दिव्याची देखभाल करणारे काका, आणि दोरीला मी. त्यामुळे उत्तरं दोन यायची.

एका सोमवारी तीन आली.

“प्रतिध्वनी,” सर म्हणाले. “ते नवं कपाट आलंय ना, त्याचा.”

कपाट बाहेर काढलं. तिसरं ‘पाठ’ आतच राहिलं. शिवाय प्रतिध्वनी हाकेच्या आधी येत नाही, आणि हे कधीकधी सर-काका दोघांच्याही आधी यायचं. मी फोनवर ध्वनिमुद्रण केलं. त्यात ते स्वच्छ ऐकू आलं. आवाज हसरा, जरा घाईतला, हजेरीत नाव पुकारल्यावर द्यावा तसा. तो दिव्याच्या बाजूने येत होता.

आठवडाभर माझी पाचावर धारण बसली. पण माणसाला कशाचीही सवय होते. काकांनी तर त्याचं नावच ठेवलं, पाहुणे. “ताई, पाहुणे शिस्तीचे आहेत हो,” ते म्हणायचे. “चहा मागत नाहीत, रजा मागत नाहीत.” सर असलं काही मानत नव्हते. मात्र तिसरं ‘पाठ’ येईपर्यंत घसा खाकरत थांबायचे. मलाही पुढे पुढे तो आवाज आवडायला लागला. सेल बिघडला, आकडा घसरला तरी पाहुण्यांचं ‘पाठ’ तेवढंच खुशीत यायचं.

आणि आकडा घसरतच होता. तो सेल माझा. सहा वर्षं मी त्याच्या पातळ थरांशी झुंजले होते. शेवटच्या चाचणीत वीस टक्के टिकले तर तो कारखान्यात जाणार होता. नाही टिकले तर प्रयोगशाळा बंद, खोली शेजारच्या विभागाला. ते लोक टेप घेऊन खोली मोजूनही गेले होते. दाराच्या पडद्यांचा रंगही त्यांनी आमच्यासमोरच ठरवला.

चाचणीच्या सकाळी मी सेल लावून पाहिला. एकोणीसच्या वर आकडा जाईना.

“दिवा पुसू का परत?” काकांनी विचारलं.

“पुसा,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

परीक्षक बाई वेळेवर आल्या. सरांनी त्यांना पद्धत समजावली. त्या हसल्या, पण शहाण्यासारख्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

“सूर्य येतोय!”

“पाठ,” सर म्हणाले.

“पाठ,” काका.

“पाठ,” बाई.

मी थांबले. पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. सरांनी घसा खाकरला. पुन्हा खाकरला.

“काय झालं?” बाईंनी विचारलं.

“एक राहिलंय,” काका हळूच म्हणाले.

“आपण चौघंच आहोत ना?”

सरांनी एकदा दिव्याच्या बाजूला कान दिला. मग म्हणाले, “हो. चौघंच. उघड गं.”

मी दोरी ओढली. झडप खणकन उघडली. त्या आवाजात, मागून, अगदी खुशीत उत्तर आलं.

“समोर!”

भिंतीवरचा आकडा एकदम निम्म्यावर आला. सेलवर कुणी हात धरला की येतो तसा.

मानेवर ऊब होती. आम्ही चौघंही पाठमोरेच होतो.

मला दोरी सोडून झडप मिटवायला हवी होती. पण आकडा चढू लागला. बारा. सोळा. एकोणीस. आणि खरं सांगते, मला तो चढायलाच हवा होता. मी दोरी घट्ट धरून ठेवली.

तेवीसवर तो थांबला, आणि तिथेच राहिला.

“वा!” बाई म्हणाल्या.

त्या दिवशी आमचा आनंद गगनात मावेना. सरांनी काकांना चक्क मिठी मारली. शेजारचे लोक अभिनंदनाला आले, तर काकांनी त्यांना विचारलं, “पडदे शिवून झाले का हो?” मी हसून हसून रडले. घरी आईला फोन करून तोच आकडा तीनदा सांगितला. ‘समोर’ या शब्दाबद्दल आम्ही तिघंही एकमेकांशी काही बोललो नाही.

सोमवारी पुन्हा काम सुरू झालं.

“सूर्य येतोय!”

सरांचं ‘पाठ’ आलं. काकांचं आलं. आम्ही थांबलो, बराच वेळ थांबलो. तिसरं आलं नाही.

“गेले वाटतं पाहुणे,” काका म्हणाले. त्यांना वाईट वाटलं होतं. मलाही वाटलं.

मी दोरी ओढली. झडप उघडली, मानेवर ऊब आली, खोली लख्ख उजळली. आकडा भिंतीवर स्थिर झाला.

तेवढ्यात पाठीमागून, अगदी दिव्याजवळून, तोच हसरा आवाज आला.

“सूर्य आला का?”